कोंबड्याची बातमी

परवा सकाळी आंघोळही झाली नव्हती, तेवढ्यात ओळखीच्या एका तरुण वार्ताहराचा फोन. "दादा, एकदम भारी बातमी सापडलीय. शेजाऱ्याचा कोंबडा आरवतो म्हणून एक जण थेट पोलिसांत गेलाय! तुमच्या ओळखीची कॉलनी आहे. कोंबड्याचा फोटो मिळवून द्या ना." बोलता बोलता त्याला हसू आवरत नव्हतं.

मी विचारलं, तक्रार करणारा कोण आहे, काय काम करतो, घरात कुणी आजारी आहे का? तो म्हणाला, "ते कशाला? कोंबडा हीच बातमी आहे ना."

फोन ठेवला आणि दिवसभर कशात लक्ष लागेना. सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच बोललो होतो. म्हणून हे लिहायला बसलोय. लांबलंय, पण आपल्याकडच्या प्रत्येक गल्लीत हे भांडण कधी ना कधी होतंच, तेव्हा वाचा.

२०१९ चा मे महिना. पुण्यात सोमवार पेठ भागातल्या एका बाईंनी समर्थ पोलिस ठाण्यात कोंबड्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला होता, आठवतंय? पहाटे घराजवळ कोंबडा आरवतो, झोपमोड होते, असं त्यांचं म्हणणं. गुन्हा काही दाखल झाला नाही, पण बातमी देशभर फिरली. त्यात गाव पुणं, म्हणजे विनोदाला फोडणी आधीच तयार. मीही तो विनोद चार ग्रुपवर ढकलला. दोन-चार दिवसांनी डेस्कवरून निरोप आला, आपल्याकडे असं काही आहे का बघा.

होतं. आपल्याकडे काय नसतं!

शहर कोणतं ते सांगत नाही. जळगावात आणि धुळ्यात, दोन्हीकडे मी काम केलंय, दोन्हीकडची माणसं ही पोस्ट वाचतात. इतकंच सांगतो की जुन्या गावठाणाला लागून एन.ए. प्लॉट पडले आणि त्यांची कॉलनी झाली, तशी ती जागा. गावठाणाच्या कडेला एका आजीचं पत्र्याचं घर. मागे वाडा. वाड्यात दहा-बारा कोंबड्या, एक कोंबडा, दोन बकऱ्या. भिंतीपलीकडे कॉलनीतलं पहिलं घर, वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेलं. त्या घरातली बाई दवाखान्यात सिस्टर, नवरा खासगी नोकरीत. बेडरूमची खिडकी थेट आजीच्या वाड्यावर उघडणारी.

तक्रार सिस्टरची होती. मी ठाण्यात जाऊन अर्ज पाहिला, एका पोलिसाशी दोन मिनिटं हसून बोललो आणि ऑफिसला येऊन वीस मिनिटांत बातमी लिहिली. मथळा मीच दिला होता: 'कोंबड्याने उडवली झोप, सिस्टर पोहोचल्या ठाण्यात!' सुरुवातीलाच 'कुकूचकू' टाकलं होतं. सोबत कोंबड्याचा फोटो. तो कोंबडाही त्या वाड्यातला नव्हता, आमच्या फोटोग्राफरला रस्त्यात दिसला तो टिपला होता.

बातमी तुफान चालली. त्या दिवशी मला जेवढे फोन आले तेवढे पीकविम्याच्या बातमीला महिनाभरात आले नसतील.

मी न लिहिलेलं काय होतं ते आता सांगतो. सिस्टरला आठवड्याआड रात्रपाळी. रात्रभर वॉर्डात उभं राहून सकाळी साडेआठला घरी यायचं, पोराचा डबा, स्वयंपाक उरकायचा आणि दहाच्या सुमारास पाठ टेकायची. कोंबडा पहाटेच आरवतो हा आपला शाळेतला समज. तो दिवसभर आरवतो. दुसऱ्या गल्लीतला कोंबडा आरवला की उत्तर देतो, मांजर दिसली की ओरडतो, कोंबडीनं अंडं दिलं की ती ओरडते आणि तोही साथ देतो. बकऱ्यांना चारा यायला उशीर झाला की त्या सुरू होतात. भिंत नऊ इंची, खिडकीला कूलर बसवलेला, त्यामुळे ती बंदही करता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. कूलर बंद करून झोपून दाखवा. ठाण्यात जायच्या आधी बाई तीन वेळा आजींकडे गेली होती. एकदा पोळ्या घेऊन गेली होती. आजीही चांगल्याच वागल्या होत्या, अंडी दिली होती. हे सगळं मला नंतर कळलं. विचारलं असतं तर आधीच कळलं असतं.

आणि आजी? त्यांचं तोंड तर बातमीत दिसलंच नाही. 'शेजारी महिला' एवढाच उल्लेख. बातमीनंतर दोन दिवसांनी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. फॉलोअप करायचा होता, अजून हसायचं बाकी होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, कोंबडाले काय घडी शे का? त्याले कोन सांगी, की बाईनी ड्युटी शे?"

मला ते वाक्य इतकं आवडलं की तीही बातमी झाली. त्याच कोंबड्यांच्या अंड्यांवर आजींचा गॅस आणि नातवाची वह्या-पुस्तकं चालत होती, हे त्या बातमीतही नव्हतं. गावरान अंडं शहरात दहा-पंधरा रुपयांना जातं, गावरान कोंबड्याला ब्रॉयलरच्या दुपटीपेक्षा जास्त भाव मिळतो. नवरा नसलेल्या, शेत नसलेल्या बाईची ही बँक आहे. अडीनडीला एक कोंबडी विकायची, की दवाखाना झाला.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरला सापडला, तेव्हा मी नवा होतो आणि मोठ्या हौसेनं तिकडे गेलो होतो. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. पोल्ट्रीवाल्यांचे आकडे सगळ्यांनी छापले. पण पथकं घरोघरीही फिरली, आणि ज्या बायांकडे फक्त पाच-सहा कोंबड्या होत्या त्यांच्याही गेल्या. एका पाड्यावर मुक्काम पडला. पहाटे जाग आली तर काहीच आवाज नाही. घरमालकीण चूल पेटवत म्हणाली, आज किती वाजले तेच कळत नाही. तेव्हा मी ते डायरीत लिहून ठेवलं होतं. तेरा वर्षांनी तोच मी कोंबड्यावर विनोद करत होतो.

असो. पुढे काय झालं ते सांगतो.

सिस्टर स्कूटीवरून निघाली की कॉलनीतली पोरं मागून बांग द्यायची. दवाखान्यात रुग्णांचे नातेवाईक विचारायचे, "कोंबडावाल्या सिस्टर त्या तुम्हीच का?" नवऱ्याचं डोकं फिरलं. तिकडे आजींच्या नातवाला वाटलं, पेपरात आपला कोंबडा आला, आता माघार घेतली तर नाक कापलं जाईल. तोपर्यंत कोपऱ्यात असलेलं खुराडं त्यानं मुद्दाम भिंतीलगत आणलं. आणखी एक कोंबडा आणला. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. आधी 'स्वच्छता' आली, मग 'हे लोक' आले, आणि 'हे लोक' म्हटल्यावर आडनावं यायला कितीसा वेळ लागतो? महिनाभरात दोन घरांचं भांडण दोन समाजांचं झालं होतं. शिवाय भिंतीची सहा इंच जागा, गटारीचं पाणी, जुनं सगळं वर आलं.

तेव्हापासून एक वाक्य मला फार खटकतं. असं काही घडलं की शहाणी माणसं म्हणतात, "कोंबडा निमित्त आहे हो, खरं भांडण जागेचं." मीही तसंच म्हणायचो. पण इथं भांडण कोंबड्यापासूनच सुरू झालं होतं. जागा नंतर आली, समाज त्याच्याही नंतर. पहिल्या दिवशी फक्त एक न झोपलेली बाई होती आणि एक कोंबडा होता, आणि तेव्हा हे सोडवायला खुराडं पंधरा फूट सरकवणं पुरलं असतं. आवाजाचा त्रास हा खरा त्रास असू शकतो यावर आपला विश्वासच नाही. पोटात दुखतं म्हटलं तर लोक डॉक्टरकडे नेतात, झोप होत नाही म्हटलं तर हसतात.

मग ऑगस्टमध्ये एका सकाळी आजींच्या वाड्यात सात कोंबड्या मेलेल्या सापडल्या. दोन्ही कोंबडेही गेले.

कशानं मेल्या हे आजतागायत कळलेलं नाही. कुणी म्हणालं विष घातलं, कुणी म्हणालं रोग आला. पोस्टमॉर्टेम कुणी केलं नाही. सात कोंबड्यांचं कोण करतं? पण संशय कुणावर गेला ते सांगायला नको. त्या रात्री सिस्टर ड्युटीवर होती, हजेरीपटावर सही होती. तरी गल्लीनं निकाल दिला. त्या वेळी मात्र पोलिस लगेच आले. दोन्ही घरांतल्या पुरुषांवर १०७ ची कारवाई झाली, आपण ज्याला चॅप्टर केस म्हणतो ती. दोघांनीही शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून दिलं. आजी मला एवढंच म्हणाल्या, "मन्या कोंबड्या मरी ग्यात, आते कोनले काय सांगू?" ते मी छापलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि डेस्कलाही आता रस उरला नव्हता.

दिवाळीनंतर सिस्टरनं घर भाड्यानं दिलं आणि स्वतः दुसरीकडे भाड्यानं राहायला गेली. कर्जाचे हप्ते आणि भाडं, दोन्ही भरत. ते घर अजून विकलं गेलेलं नाही.

यात माझा वाटा किती हे मला मोजता येत नाही. पण तो आहे. कोंबड्यानं झोप उडवली असेल, चेष्टा मात्र मी सुरू केली होती.

आता कायद्याचं बघू, कारण लोक मला विचारतात की अशा वेळी जायचं कुठं. खरं उत्तर असं की दारं पुष्कळ आहेत, पण तुमच्या भिंतीपाशी येऊन कान देणारं त्यांत कुणी नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण त्या नियमांत लाउडस्पीकर आहे, हॉर्न आहे, फटाके आहेत, बांधकामाची यंत्रं आहेत. कोंबडा नाही. कोंबड्याच्या कानापाशी मोजला तर तो आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो म्हणतात, पण तो नियमात बसत नाही. पोलिसांकडे गेलात तर अदखलपात्र म्हणून एक कागद मिळतो, आणि 'समज देण्यात आली' असा शेरा. सार्वजनिक उपद्रवाला नव्या न्याय संहितेच्या कलम २९२ खाली हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पूर्वी दोनशे होता. पण दोन घरांमधला त्रास हा 'सार्वजनिक' कसा, या प्रश्नापाशी गाडी अडते. मग दिवाणी कोर्ट. तिथं दावा टाकता येतो, मनाईहुकूम मागता येतो, आणि 'मी तुझ्या आधीपासून इथं आहे' एवढ्यावर उपद्रव माफ होत नाही असं जुनं तत्त्वही आहे. पण तारखा मिळेपर्यंत कोंबड्याची तिसरी पिढी आरवायला लागते. महापालिकेत विचाराल तर आरोग्य विभाग म्हणतो परवानगीचं बघा, परवानगीवाले म्हणतात आरोग्याकडे जा.

याच्या उलट, रागाच्या भरात कुणी जनावर मारलं किंवा त्याला विष घातलं, तर कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ते योग्यच आहे. फक्त क्रम बघा. त्रास होतोय तेव्हा कुणी येत नाही. जीव गेला की सगळे येतात.

प्रांताधिकाऱ्यांकडे मात्र एक अधिकार असतो, आणि आपल्याकडे तो या कामी वापरलेला मी तरी पाहिलेला नाही. उपद्रव हटवण्याचा आदेश ते देऊ शकतात. फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १३३ होतं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे. कोंबड्याला ते कसं लागू करायचं यावर वकील वाद घालतील. पण एका प्रांतानं काय केलं ते ऐका.

केरळात पथनमथिट्टा जिल्ह्यात अडूर म्हणून गाव आहे. तिथल्या एका वयस्कर, आजारी गृहस्थांनी तक्रार केली की शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे तीनपासून आरवतो, झोप होत नाही. तिथल्या महसूल विभागीय अधिकाऱ्यानं, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतानं, दोघांना बोलावलं, म्हणणं ऐकलं आणि जागेची पाहणी केली. कोंबड्या घराच्या वरच्या मजल्यावर ठेवल्या होत्या आणि आवाज थेट त्या म्हाताऱ्याच्या खिडकीत जात होता. २०२५ च्या फेब्रुवारीत आदेश निघाला: खुराडं घराच्या दक्षिण बाजूला हलवा, चौदा दिवसांत. कोंबडा मारा नाही, विका नाही, जागा बदला. ही बातमीही सगळीकडे विनोद म्हणूनच फिरली. मी ती तीनदा वाचली. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही, हेवा मात्र वाटला.

फ्रान्समध्ये निकाल उलटा लागला. ओलेरॉन बेटावर मोरिस नावाचा कोंबडा होता. शेजारच्या सुट्टीच्या घरात येणाऱ्या निवृत्त जोडप्यानं दावा टाकला. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टानं कोंबड्याच्या बाजूनं निकाल दिला, वर दावा करणाऱ्यांनाच हजार युरो भरपाई द्यायला लावली. पुढे २०२१ च्या जानेवारीत तिथं कायदाच झाला, की खेड्यातले आवाज आणि वास हा खेड्याचा वारसा आहे. आपले निसर्गप्रेमी हे उदाहरण फार आवडीनं देतात. मला ते अर्धवट वाटतं. सुट्टीत आठ दिवस खेड्यात येऊन तक्रार करणारा पाहुणा वेगळा, आणि रात्रपाळी करून कर्जाच्या घरात झोपू पाहणारी बाई वेगळी. तिला दुसरं घर नाही. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती, कुणीतरी खुर्चीवर बसून दोन्ही बाजू गंभीरपणे ऐकल्या.

आपल्या दोन्ही शहरांत हा प्रश्न वाढणार आहे, कमी होणार नाही. जळगावात पिंप्राळा, मेहरूण ही मुळात गावं. धुळ्यात पांझरेपलीकडचं देवपूर. दोन्हीकडे २००३ मध्ये महापालिका झाली, पण महापालिका झाली म्हणून गोठे उठून जात नाहीत. गावठाणातल्या माणसाच्या लेखी तो अजून गावातच आहे. पलीकडे प्लॉट घेणाऱ्याच्या लेखी तो शहरात राहायला आलाय. दोघंही खरं बोलतात. मध्ये फक्त एक भिंत आहे. त्यात आपला उन्हाळा. मार्चच्या शेवटी अर्धं शहर गच्चीवर झोपायला जातं आणि मग कोंबड्याचा, कुत्र्याचा, शेजारच्या कूलरच्या खडखडाटाचा आवाज सरळ उशाशी येतो. बंगल्यातला बांधून ठेवलेला कुत्रा रात्रभर भुंकतो, मालक एसीत दारं बंद करून झोपलेला असतो, त्याची तक्रार करायला मात्र कुणी धजत नाही. आजीच्या कोंबड्याविरुद्ध अर्ज करणं सोपं असतं. हेही खरं आहे आणि ते लिहायलाच हवं.

आणि आपण सगळेच काही शांततेचे भोक्ते नाही. लग्नाच्या वरातीत डीजेनं खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा हीच कॉलनी नाचत असते. कानबाईच्या रात्री कुणी झोपेचं नाव काढत नाही. तो आवाज आपला असतो. दुसऱ्याचा आवाज मात्र आपल्याला गोंगाट वाटतो. मी स्वतः याला अपवाद नाही, माझ्या पोराच्या बुलेटचा सायलेन्सर हा आमच्या गल्लीत वेगळा विषय आहे.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर मला खूप नंतर मिळालं. कोंबड्याला घडी आहे का? आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं. सतत मंद उजेडात ठेवले, बाहेरची पहाट दिसू दिली नाही, तरी ते आपापल्या पहाटेला आरवले. दोन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गमतीची गोष्ट सांगितली, की अनेक कोंबडे एकत्र असतील तर आधी वरच्या मानाचा आरवतो, मग बाकीचे क्रमानं. म्हणजे नातवानं दुसरा कोंबडा आणला तेव्हा त्यानं आवाज नुसता दुप्पट केला नव्हता, दोघांची जुगलबंदी लावून दिली होती.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना प्रयोगशाळेशिवाय थोडं ठाऊक होतंच. कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण आहे, पण डालग्याखाली झाकलेला कोंबडा जरा उशिरा आणि जरा दबक्यानं बोलतो हेही घराघरात माहीत होतं. मान वर ताणता आली नाही की त्याला पूर्ण जोरानं बांग देता येत नाही. म्हणून खुराडं बुटकं, अंधारं पण हवेशीर ठेवायचं, शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांबच्या बाजूला, आणि सकाळी उशिरा उघडायचं. अंड्यांसाठी कोंबड्याची गरजच नसते. कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. पिल्लं हवी असतील तर एक कोंबडा पुरतो. ही चार वाक्यं त्या वाड्यात जाऊन त्या वेळी कुणी बोललं असतं तर? पशुवैद्यकीय दवाखान्यातला माणूस बोलू शकला असता. मीही बोलू शकलो असतो. दोनदा ओट्यावर बसून चहा पिऊन आलो होतो.

खेड्यात यासाठी निदान एक जागा केली होती. आर. आर. आबा गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. त्यातली बक्षिसं, कमानी, कागदोपत्री मिटवलेले तंटे यांवर मी स्वतः टीकेच्या बातम्या केल्यात, आणि त्या चुकीच्या नव्हत्या. पण समिती नावाची चार माणसं तरी होती, जी बांधावर जाऊन उभी राहायची. गाव महापालिकेत गेलं की ती चार माणसंही गेली. त्यांच्या जागी काय आलं? काहीच नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थी लिहिलेली आहे, तीन मध्यस्थांचं पॅनल वगैरे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दोन्ही जिल्ह्यांत आहे, तिथं साधा अर्ज करता येतो, गरिबाला आणि बाईला वकिलाचा खर्च पडत नाही. पण कोंबड्याच्या भांडणाला तिथं जा, असं सिस्टरला ना ठाण्यात कुणी सांगितलं, ना मी सांगितलं. माझं ज्ञान तेव्हा मथळ्यापुरतंच होतं.

महापालिकेकडे माझं मागणं फार छोटं आहे. प्रत्येक प्रभाग कार्यालयात अशा तक्रारींसाठी एक माणूस ठरवा. स्वच्छता निरीक्षक असेल तरी चालेल. त्यानं तक्रारीच्या वेळेला यायचं. तक्रार पहाटे चारची असेल तर पहाटे चारला, सकाळी अकराला येऊन 'आवाज आढळला नाही' असं लिहायचं नाही. दोन्ही घरांत बसायचं, खुराडं कुठं आहे, खिडकी कुठं आहे हे बघायचं, आणि एका कागदावर लिहून द्यायचं की हे इकडे हलवा, एवढ्या दिवसांत. खुराडं हलवायला हजार-दोन हजार लागत असतील आणि आजींकडे नसतील तर कॉलनीनं वर्गणी काढावी. गणपतीला काढतोच की.

पोलिसांनाही एक विनंती. पहिल्या अर्जावर हसू नका. तुमच्या हसण्याचा आवाज टेबलापलीकडे ऐकू जातो, आणि तिथून तो आमच्यापर्यंत येतो. मग आम्ही तो छापतो.

राहिलो आम्ही. मी सिस्टरला गेल्या वर्षी भेटलो. एका नातेवाइकाला घेऊन दवाखान्यात गेलो होतो, तर वॉर्डात त्याच. ओळखलं त्यांनी. सलाईन लावून झाल्यावर म्हणाल्या, "सर, तुम्ही तेव्हा एकदा घरी यायला हवं होतं, दुपारी." एवढंच. मी सॉरी म्हटलं, ते वॉर्डातल्या गडबडीत त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. म्हणून इथं लिहून ठेवतो. आजींच्या वाड्यात आता पुन्हा कोंबड्या आहेत. खुराडं आता पलीकडच्या कोपऱ्यात आहे. भाडेकरूनं पहिल्याच आठवड्यात गोड बोलून हलवून घेतलं म्हणे.

काल रात्री त्या तरुण वार्ताहराचा पुन्हा फोन आला. आवाज जरा खाली होता. म्हणाला, "दादा, जाऊन आलो. तक्रार करणाऱ्याच्या घरात तीन महिन्यांचं बाळ आहे. आणि कोंबडा एक नाही, चार आहेत. कोंबडेवाला म्हणतो, जत्रेतल्या नवसाचे आहेत, महिनाभरच ठेवायचेत, पण मला कुणी विचारलंच नाही."

बातमी अजून दिलेली नाही त्यानं. उद्या पहाटे चारला आम्ही दोघं तिकडे जातोय. आधी बाळाच्या खोलीत बसून ऐकू, मग कोंबडेवाल्याच्या ओट्यावर चहा घेऊ. फोटोग्राफरला बोलावलेलं नाही.